आठ गुंठ्यांचा मेळ

सातबारा आता मोबाइलवर मिळतो, तरी आमच्या भागातल्या एका तलाठी कार्यालयाबाहेर एवढी माणसं कशाला बसलेली असतात, हे कळेना म्हणून एका सोमवारी मी आत जाऊन बसलो. बाहेरच्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात छापील उतारा होताच. उतारा मागायला कुणी आलं नव्हतं. त्यावर छापून आलेलं चुकीचं आहे, हे सांगायला सगळे आले होते. कुणाच्या वडिलांचं नाव बदललेलं, कुणाचा सोसायटीचा बोजा कर्ज फेडूनही तसाच.

पासष्टीच्या एका मावशींनी टेबलावर घडी घातलेला कागद उलगडला आणि एकच प्रश्न विचारला, "आठ गुंठं गेलं कुठं आमचं?"

तलाठी मॅडम तिशीच्या. 2024 पासून त्यांच्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात त्या तलाठीच. त्यांनी स्क्रीनवर गट उघडला. एकूण क्षेत्र 3 हेक्टर 24 आर. खाली तीन खातेदार: 1.62, 0.73 आणि मावशींच्या मालकांच्या नावे 0.81. बेरीज होते 3.16. आठ आर कमी, म्हणजे मावशींच्या हिशेबानं आठ गुंठे.

"मावशी, जमीन जागेवरच आहे. कागदावरचा आकडा चुकलाय."

"कागदावर न्हाई म्हंजी न्हाईच की, मॅडम."

मावशींचं बरोबर होतं. पीककर्ज, विमा, अनुदान सगळं त्या आकड्यावर चालतं. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे आणि त्या क्रमांकाला जोडली जाणारी जमीन याच अभिलेखातून उचलली जाते.

संगणकीकरणानं काय दिलं, हे आधी सांगायला हवं. 1 मे 2018 ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरले की कुठूनही उतारा काढता येतो आणि तो बँकेत, कचेरीत चालतो. त्याआधी एका सहीसाठी तलाठी कोणत्या गावी आहेत याचा माग काढत माणसं हिंडायची. ती अडवणूक मोडली, आणि हे काम फार मोठं आहे. मावशींच्या हातातला कागद मात्र पुतण्यानं काढून दिलेला विनास्वाक्षरीचा होता. तो नुसता पाहण्यापुरता.

मग आठ गुंठे खाल्ले कुणी? बाहेर बसलेले बहुतेक जण "कॉम्प्युटरनं घोळ केला" असं म्हणत होते. मॅडमना ते पटत नव्हतं. हस्तलिखित सातबाराचं पुस्तक साधारण दहा वर्षांनी नव्यानं लिहून काढायचे. या पुनर्लेखनात एका वहीतून दुसरीत हातानं आकडे उतरायचे. चूक तिथलीच कुठली तरी असणार, असा त्यांचा अंदाज. तो तपासायचा तर तालुक्याच्या अभिलेख कक्षात जायला हवं. मीही त्यांच्याबरोबर गेलो.

तिथला वास अजून माझ्या नाकात आहे. डांबरगोळ्या, दमट कागद आणि रुमालात बांधलेल्या दप्तरांवरची धूळ. राज्याची अख्खी डिजिटल जमीन ज्या कागदांवरून संगणकात गेली, ते हे कागद. मॅडमनी गावाचं दप्तर सोडलं, सातबाराचं जुनं पुस्तक काढलं आणि गटाच्या पानावर लाकडी पट्टी ठेवली. एक ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. मावशींच्या मालकांच्या नावापुढे ०.८ स्पष्ट होतं. पुढचा आकडा नऊ की एक, हे मला सांगता येईना. वरचं गोल भरलेलं, शाई पसरलेली, खालची शेपटी दोन्हींत बसेल अशी. त्यानंतरच्या पुनर्लेखनाच्या पुस्तकात तोच आकडा स्वच्छ, वळणदार ०.८१ झालेला.

मॅडम तिथं थांबल्या नाहीत. "मला वाटतं म्हणून नऊ धरता येत नाही. आधार लागतो," म्हणाल्या आणि फेरफाराची नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, उघडून बसल्या. बराच वेळ गेला. शेवटी चाळीस वर्षांपूर्वीच्या खरेदीची नोंद सापडली. दोघा भावांना निम्मा-निम्मा गट, प्रत्येकी 1.62. त्यातल्या धाकट्यानं, म्हणजे मावशींच्या मालकांनी, 0.73 विकले. बाकी उरतात 0.89. नोंदीत तो आकडा अक्षरीसुद्धा लिहिला होता: एकोणनव्वद आर. ज्या कुणी तलाठ्यानं तेव्हा आकड्याशेजारी अक्षरं लिहिण्याचे कष्ट घेतले, त्याच्या त्या सवयीवर आज मावशींचे आठ गुंठे उभे आहेत.

म्हणून मला वाटतं, संगणकाला बोल लावणं अन्यायाचं आहे. वहीत ही चूक वर्षानुवर्षं निवांत पडून होती, कारण वही स्वतःहून बेरीज करत नाही. संगणकानं बेरीज केली आणि मेळ लागत नसल्याचं दाखवलं. पण ती चूक निस्तरायला जो माणूस लागतो, त्याच्याकडे तीन गावांचा सजा, पंचनामे, निवडणुकीची कामं आणि दाराबाहेरची ही रांग. या शोधाला अख्खा दिवस मोडला आणि त्याचा हिशेब कोणत्याही अहवालात येणार नाही. उतारे किती निघाले ते मोजलं जातं. पट्टी धरून वाचलेली पानं कुणी मोजत नाही. सरकारनं सर्व्हरवर खर्च करावाच, पण हे वाचन करणारी जास्तीची माणसं प्रत्येक तालुक्याला दिली नाहीत, तर चुकीचा सातबारा तेवढा पंधरा रुपयांत आणि लगेच मिळत राहील.

पुढची वाट नियमानं आखलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली लेखनातल्या चुकीची दुरुस्ती करता येते. तलाठ्याचा प्रस्ताव, हितसंबंधितांना नोटिसा, त्यांचे जबाब, तहसीलदारांचा आदेश, त्यावरून फेरफार, मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणीकरण, आणि मग नवा उतारा. मालकांच्या माघारी मावशींची वारसनोंद त्याच्याही पुढे.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा आल्या. मॅडमनी त्यांना नोंदीची नक्कल दाखवली, एकोणनव्वदवर बोट ठेवून. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी शेजारच्या पोराला दोनदा वाचायला लावलं.

"मंग आठ गुंठं आलं का माघारी?"

"अजून नाही. प्रस्ताव आज पाठवते. तुमच्या दिरांची मुलं आणि ज्यांनी जमीन घेतली ते, सगळ्यांचे जबाब लागतील. त्यांचं काहीच कमी होत नाही, हे त्यांना आधी नीट सांगा."

"पेरणीच्या आत हुईल?"

तारीख सांगणं मॅडमच्या हातात नव्हतं आणि त्यांनी ती सांगितली नाही. कोणाकोणाचे जबाब हवेत ती नावं एका कागदावर लिहून पोराकडे दिली, त्याच्याकडून एकदा वाचून घेतली, आणि पुढच्या माणसाचा उतारा हातात घेतला.