जाम बोल्टचे पैसे कोण देणार? पाना लावायच्या आधी ठरवा



अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्यांचं छोटं गॅरेज आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. जुनी गाडी येते, पुढून खडखड आवाज. तुम्ही बघता, लोअर आर्मचं बुश गेलंय. गिऱ्हाईक विचारतं, किती होतील? तुम्ही सवयीने सांगून टाकता, "दोन तासांचं काम, सहाशे रुपये मजुरी." आणि मग तो एक बोल्ट निघतच नाही. दुपार जाते, जागा अडकते, दुसरी गाडी परत जाते. संध्याकाळी हातात सहाशेच, आणि फुटलेली गोटी तुमच्या खिशातून.

समजा सहा तास लागले. तासाला तीनशेच्या जागी शंभर सुटले. भाव सांगायची घाई नडली, दुसरं काही नाही.

हा बोल्ट अडकतो कुठे, ते आधी बघू. नट बऱ्याचदा सुटतो. पण बुशच्या मधोमध एक लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिच्यातून गेलेला असतो. त्या दोघांमधल्या बारीक फटीत खारं पाणी शिरतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे फट गच्च होते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून आपल्याकडे गाडी नुसती उभी असली तरी गंजते. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात नवीन ८०० नेसुद्धा दहाच्या वर पावसाळे काढलेत. (आणि काशीदच्या वाळूत गाडी घालणारे हौशी लोक वेगळेच!)

तेव्हा भाव सांगण्याआधी दहा मिनिटं घ्या. गाडी जॅकवर नको, स्टँडवर ठेवा. नट थोडा सैल करा आणि बोल्टचं डोकं पान्याने जरासं फिरवा. बोल्टबरोबर रबर पिळत असेल आणि पाना सोडल्यावर बोल्ट मागे येत असेल, तर तो नळीला चिकटलाय. इथेच थांबा. फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवा आणि दोन आकडे सांगा: बोल्ट सरळ निघाला तर इतके, कापावा लागला तर इतके. गिऱ्हाईक "बघतो" म्हणालं, तर नट पुन्हा नीट आवळूनच गाडी द्या.

होकार आला की आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर मुरू द्या. सकाळी सहा कोनी गोटी लावा. बारा कोनीने डोकं गोल होतं. आधी किंचित आवळा, मग सोडा, असं पुढे-मागे करत राहा. हातोडा मारायचा तर नट बोल्टच्या टोकाला लेव्हल ठेवा, म्हणजे आटे चेपत नाहीत.

गॅस लावायचा का? चॅसिसला वेल्ड केलेला नट अडकला असेल तर हो. १२ मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापवलं की जेमतेम ०.०४ मिलिमीटर मोठं होतं, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. मात्र पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा होज आणि सीएनजी किट जवळ असेल तर गॅस नकोच. तुम्ही मारलेलं तेलही पेट घेतं, ते आधी पुसा. बोल्ट नळीत अडकला असेल तर तापवून रबर जाळण्यापेक्षा सरळ कापा, हे माझं मत.

स्वतःला एक तास द्या. तासात हलला नाही, तर बुश आणि ब्रॅकेटच्या मधून दोन्ही बाजूंनी पातळ डिस्कने कापा. बुश तसंही बदलायचंच आहे. फक्त नवा बोल्ट हातात आल्याशिवाय ग्राइंडर चालू करू नका. जुन्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल, तर नवा त्याच मापाचा आणि त्याच आकड्याचा हवा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालणार नाही. चाक त्यावर तोललेलं असतं.

बसवताना बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावा. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर करा. हवेत आवळलं की बुश कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं.

बिलावर "जाम बोल्ट कापणे" ही ओळ वेगळी लिहा आणि कापलेले तुकडे पिशवीत घालून गाडीतच ठेवा.