सर्व्हिस नुसत्या दंडातून येत नाही

टेनिसचा चेंडू जेमतेम ५६ ते ५९ ग्रॅमचा. पण एका लांबलेल्या सामन्यात तो शेकडो वेळा मारावा लागतो. तेरा-चौदा वर्षांच्या खेळाडूचा कस लागतो तो इथेच. पहिल्या सेटमध्ये सणसणीत जाणारी सर्व्हिस तिसऱ्या सेटमध्ये जाळ्यात अडकू लागते. नीट पाहिलं, तर कोपर खाली आलेलं असतं, गुडघे वाकत नाहीत आणि सगळा भार एकट्या खांद्यावर पडतो.

सर्व्हिसची ताकद जमिनीपासून वर चढते: पाय, कंबर, पोट-पाठ, खांदा आणि शेवटी मनगट. सुमारे निम्मी ऊर्जा पाय आणि धडातूनच येते. मधला दुवा थकला, की भरपाई खांद्याला करावी लागते. त्यातच, फटका मारून झाल्यावर सुसाट निघालेल्या हाताला ब्रेक लावायचं कामही खांद्यामागच्या छोट्या स्नायूंकडेच. वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात, त्यामुळे हा ताण जास्त बाधतो.

म्हणून जड वजनांपेक्षा दम वाढवण्यावर भर हवा. पोट-पाठीसाठी प्लँक आणि साइड प्लँक. खांद्यासाठी रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधा, कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा आणि मूठ सावकाश बाहेर न्या. तितक्याच सावकाश परत आणा. पंधरा-वीस वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. सामन्याआधी मात्र दमेपर्यंत करू नका.

आणि खांदा दुखू लागला, तर ‘खेळता खेळता जाईल’ म्हणू नका. रॅकेट खाली ठेवा, डॉक्टरांना दाखवा.