हे असं का केलंय?

परवा माझी रूममेट हिंजवडीहून रात्री साडेअकराला आली, ती जाम वैतागूनच. पेमेंटला उत्तर आलं नाही, तर पुन्हा प्रयत्न करण्याआधी तीस सेकंद थांबा, असं सांगणारी एक ओळ तिच्या प्रोजेक्टमध्ये होती. उगाच वेळ खातेय म्हणून तिने ती उडवली, आणि काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले! ओळ लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. फोन केल्यावर म्हणतो कसा, ‘‘अगं, बँकेचं उत्तर उशिरा यायचं ना!’’ एवढं एक वाक्य, पण कुठेच लिहिलेलं नाही.

यावर साधा उपाय आहे. मायकल नायगार्ड या प्रोग्रॅमरने तो २०११ मध्ये मांडला: आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे एडीआर. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाची पान-दोन पानांची फाइल. तेव्हा परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय. परिणाम म्हणजे बरेच नाहीत, वाईटसुद्धा! (हे लिहायला जिगर लागते, बॉस.) फाइलला नंबर द्यायचा आणि ती कोडसोबतच ठेवायची. पुढे निर्णय फिरला तरी जुनी फाइल पुसायची नाही. त्याऐवजी कोणता नवा निर्णय आला, तेवढा शेरा मारायचा.

‘‘डेडलाइनच्या आठवड्यात हे लिहिणार कोण?’’ रूममेटचा सवाल. बरोबरच आहे. तरी रविवारी ती लॅपटॉप घेऊन बसली होती. फाइल नंबर एक: तीस सेकंद.