यंत्राला वाचा फुटली, अक्षरांचे काय?

२४ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेत मॅकिन्टॉश संगणकाने भरसभेत स्वतःच्या तोंडाने आपली ओळख करून दिली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यापूर्वी १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून गाणे गाऊन घेण्यात आले होते. तो काळ नवलाईचा होता. आज संगणकात असे आवाज मुळातच अंतर्भूत असतात, आणि ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती निव्वळ करमणूक नव्हे. तेच त्याचे वाचन होय.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली 'एनव्हीडीए' ही पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठीही वाचतो. तो कोरडा व यांत्रिक आहे, हे खरे. मराठीची वळणेही त्याला अवघड जातात. 'कमळ' या शब्दाच्या अखेरचा 'अ' लिपीत असतो, उच्चारात नसतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लेखन एकच, परंतु दोहोंतील 'ज' निराळा. माणूस संदर्भावरून हा भेद सहज जाणतो. यंत्राला मात्र नियमांचा आधार घ्यावा लागतो. तथापि असे उच्चारदोष श्रोता मनातल्या मनात सुधारून घेतो.

खरी अडचण निराळीच आहे. जुन्या पद्धतीच्या अनेक टंकांत केलेले लेखन पडद्यावर मराठी दिसते. पण संगणकाच्या स्मृतीत तेथे रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असतात. तो मजकूर वाचताना यंत्र निरर्थक बडबड करते. कागदाचे नुसते छायाचित्र घेऊन पाठवलेले परिपत्रक तर त्याच्या लेखी केवळ चित्र ठरते. त्यातील अक्षरे ओळखून घेतल्यावाचून तेथे आवाज मुकाच राहतो. १९९१ पासून देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान आहे, आणि त्यात लिहिलेले प्रत्येक अक्षर यंत्राला अक्षर म्हणूनच कळते.

तेव्हा हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. प्रश्नसंच तयार करणारा शिक्षक, परिपत्रक टंकलिखित करणारा लिपिक आणि टिपणे वाटणारा विद्यार्थी यांच्याच हाती त्याचे उत्तर आहे. मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि छायाचित्राऐवजी मूळ धारिका पाठवावी, एवढेच पुरेसे आहे. यास वेगळा खर्च जवळजवळ नाही. परंतु एवढे न केल्यास, परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या विद्यार्थ्याला वाचून दाखवणारा माणूस शोधत हिंडावे लागते, आणि त्याच्या टेबलावरील बोलका संगणक मात्र गप्प बसून राहतो.