बसून बरं वाटतं, आडवं झाल्यावर?

आचोळे परिसरातल्या अनेक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. तिथे कुणाला धाप लागली, की ‘वय झालं, आता जिने चढवत नाहीत’ असं म्हणून विषय संपतो. पण रात्री एका उशीवर झोप येत नसेल, दोन-तीन उशा घ्याव्या लागत असतील किंवा जीव घुसमटून मध्यरात्री उठून बसावं लागत असेल, तर वयाला दोष देत बसू नका. हृदय तपासून घ्या.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं, असा अनेकांचा समज असतो. या आजारात हृदय चालू असतं, पण शरीराच्या गरजेइतकं रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते. मग फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, त्यातलं पाणी हवेच्या पिशव्यांमध्ये झिरपतं आणि दम लागतो. आडवं झालं, की पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे परत येतं. दाब आणखी वाढतो. म्हणून असा रुग्ण झोपायला घाबरतो.

रुग्णालयात ऑक्सिजन आणि लघवी वाढवणारी इंजेक्शनं मिळाली, की काही तासांत बरं वाटू लागतं. नेमकं किती बरं? ‘अर्जंट डिस्प्निया’ या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५२४ रुग्णांना हेच विचारलं गेलं. सहा तासांच्या उपचारांनंतर बसलेल्या स्थितीत ७६ टक्के रुग्णांनी ‘धाप कमी झाली’ असं सांगितलं. मग त्यातल्या बऱ्या वाटणाऱ्या रुग्णांना आडवं झोपवून पुन्हा विचारलं. तेव्हा बसलेल्या स्थितीच्या तुलनेत ४७ टक्के रुग्णांची धाप वाढली. म्हणजे खाटेवर बसून ‘आता ठीक आहे’ म्हणणाऱ्या अनेकांच्या फुप्फुसांत पाणी अजून शिल्लक असू शकतं.

घरी जाण्याची घाई आम्ही वॉर्डात रोज पाहतो. रोजंदारी बुडते, सोबतच्या नातेवाइकाची सुट्टी संपते. ही अडचण खरी आहे. पण भारताच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांचा पाठपुरावा झाला. रुग्णांचं सरासरी वय होतं सुमारे ६० आणि ९० दिवसांत सुमारे १४ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे जवळपास दर सातांतला एक. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडेही जपायचे असतात, ते यासाठी.

सुट्टी मिळण्यापूर्वी रुग्णाला सपाट झोपून आणि वॉर्डात चार पावलं चालून धाप लागते का, हे डॉक्टरांना दाखवा. घरी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायांवर सूज आली किंवा उशी वाढवावी लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पापड, लोणचं, खारवलेली सुकी मासळी टाळा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांतल्या अनेक गोळ्या शरीरात पाणी साठवतात. बरं वाटलं म्हणून हृदयाच्या गोळ्या बंद करू नका.

बसूनही दम लागत असेल, ओठ निळे पडले असतील किंवा फेसाळ, गुलाबी थुंकी पडत असेल, तर रुग्णाला जिना उतरायला लावू नका. पाय खाली सोडून बसवा, १०८ ला फोन करा आणि खुर्चीत बसवूनच खाली आणा.