खाद्य आणि वाढ : मांसोत्पादक गुरांची निवड

पशुपालनाच्या व्यवसायात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो. जनावर किती वाढले, हे तराजू सांगतो. परंतु त्या वाढीसाठी त्याने किती खाल्ले, हे मोजण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. म्हणून पशुपालक पूर्वापार डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांवरून वळूची निवड करत आले. वेगाने वाढणारा, भरदार अंगाचा वळू उत्तम मानला गेला. ही कसोटी अपुरी का आहे आणि तिच्या जोडीला कोणती नवी कसोटी आली, हे आपण या पाठात पाहू.

वाढीची किंमत

वाढीचा वेग हा आनुवंशिक गुण आहे. वेगाने वाढणाऱ्या वळूची संतती बहुधा वेगाने वाढते आणि लवकर विक्रीयोग्य होते. मात्र केवळ याच गुणावर निवड केल्यास पुढील पिढ्यांतील जनावरांचा पूर्ण वाढलेला देहही मोठा होत जातो. मोठा देह टिकवण्यासाठीच अधिक खाद्य लागते. गाय वर्षाकाठी साधारणपणे एक वासरू देते, पण खाते बारा महिने. मांसोत्पादनास लागणाऱ्या एकूण खाद्यापैकी निम्म्याहून अधिक खाद्य गायींनाच लागते. त्यामुळे गोऱ्ह्यांच्या जलद वाढीतून झालेला लाभ गायींच्या गव्हाणीत खर्ची पडू शकतो.

एक किलो वजन वाढण्यासाठी लागलेल्या खाद्याच्या प्रमाणाला 'खाद्य-रूपांतर गुणोत्तर' म्हणतात. हे गुणोत्तर उपयुक्त आहे. परंतु त्यावरून निवड केली तरी बहुधा जलद वाढणारी जनावरेच पुढे येतात आणि मोठ्या आकाराचा प्रश्न तसाच राहतो.

नवी कसोटी

१९६३ साली रॉबर्ट कोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक वेगळी कल्पना मांडली. जनावराचे वजन आणि वाढीचा वेग यांवरून त्याला किती खाद्य लागावे, याचा अंदाज काढता येतो. प्रत्यक्ष खाल्लेल्या खाद्यातून हा अंदाज वजा केला म्हणजे जे उरते, ते 'शेष खाद्यसेवन' होय. समजा, सारख्या वजनाच्या आणि सारख्या वेगाने वाढणाऱ्या दोन गोऱ्ह्यांना रोज १० किलो खाद्य लागावे, असा अंदाज आहे. एक ९ किलो खातो, दुसरा ११ किलो. पहिल्याचे शेष उणे १, तर दुसऱ्याचे अधिक १ आहे. शंभर दिवसांत या दोघांच्या खाद्यात २०० किलोंचा फरक पडतो. डोळ्यांना मात्र दोन्ही गोऱ्हे सारखेच दिसतात.

ट्रँगी येथील प्रयोग

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात ट्रँगी येथील कृषी संशोधन केंद्रात १९९३ पासून अँगस जातीच्या गुरांवर ही कसोटी वापरण्यात आली. वासरे दुधावरून तोडल्यानंतर प्रत्येकाचे खाद्यसेवन मोजण्यात आले. कमी शेष असलेल्या आणि अधिक शेष असलेल्या गुरांचे दोन वेगळे वंश वाढवण्यात आले. सुमारे पाच वर्षांच्या निवडीनंतर कमी शेष असलेल्या वंशाची संतती रोज ९.४ किलो खाद्य खात होती, तर दुसऱ्या वंशाची १०.६ किलो. रोजची वजनवाढ मात्र जवळजवळ सारखी, अनुक्रमे १.४४ व १.४० किलो होती. काटकसरीने खाण्याचा गुण आईबापांकडून संततीत उतरतो, हे यावरून स्पष्ट झाले. कमी खाणाऱ्या गुरांच्या पोटातून मिथेन वायूही कमी बाहेर पडतो, असे पुढील संशोधनात आढळले.

मर्यादा आणि उपयोग

या मोजणीस सुमारे सत्तर दिवस आणि महागडी साधने लागतात. काटकसरी जनावरांत चरबी किंचित कमी आढळते. ती फार घटल्यास कालवडी माजावर येण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून वाढ, प्रजननक्षमता, आरोग्य आणि खाद्याची काटकसर या सर्व गुणांचा एकत्र विचार करूनच वळू निवडणे हितावह ठरते.

शेळी-मेंढीपालनालाही हेच तत्त्व लागू पडते. प्रत्येक जनावराला दिलेले व उरलेले खाद्य आणि त्याचे वजन यांची नियमित नोंद ठेवल्यास, कोणते जनावर पैदाशीसाठी राखावे याचा निर्णय केवळ नजरेवर सोपवावा लागत नाही.

स्वाध्याय

१. केवळ वाढीच्या वेगावरून केलेली निवड अपुरी का ठरते?
२. 'शेष खाद्यसेवन' म्हणजे काय, ते उदाहरणासह स्पष्ट करा.