गाडीविना सिॲटल

सिॲटलला जायचे ठरले की परिचित मंडळी पहिला इशारा पावसाचा देतात आणि दुसरा सल्ला गाडी भाड्याने घेण्याचा. इशारा अर्धाच खरा आहे. या शहरात वर्षभरात साधारण हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. मुंबईत त्याच्या दुपटीहून अधिक. फरक आहे तो पडण्याच्या रीतीत. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तो कोसळत नाही, भुरभुरत राहतो. नोव्हेंबरात आम्ही तीन पिढ्यांची सहा माणसे तेथे चार दिवस राहिलो. पहिल्याच सकाळी नांदेडकडच्या आमच्या आईने निकाल दिला, "याला काय पाऊस म्हणायचं? नुसती झिमझिम हाय ही." तेथील लोकही छत्री फारशी वापरत नाहीत, टोपीचे जाकीट घालतात आणि चालू लागतात. आम्ही तेच केले.

गाडीचा सल्ला मात्र आम्ही मुळीच मानला नाही, आणि वाचकांनीही मानू नये असे आमचे मत आहे. शहर चढउतारांचे आहे आणि वाहनतळाचे दर जिव्हारी लागणारे आहेत. याउलट विमानतळावरून निघणारी लिंक रेल्वे सुमारे चाळीस मिनिटांत शहराच्या मध्यभागी आणून सोडते. ऑर्का नावाचे एक कार्ड घेतले की रेल्वे आणि बस दोन्हींचे काम होते, आणि एकदा भाडे दिल्यावर दोन तासांपर्यंत एकातून दुसरीत बदलता येते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना भाडेच नाही. वाटेत काही अंतर ही रेल्वे मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव असलेल्या रस्त्याच्या मधोमध, जमिनीवरून धावते. शहराचा हा दक्षिण भाग पाहायचा तर डोळे उघडे ठेवून याच गाडीत बसावे.

बसवर एक मानवी चेहरा रेखाटलेला असतो. "हे कोण?" असे आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले. तो चेहरा डॉ. किंग यांचा आहे, आणि त्यामागची हकिकत सर्वांनी जाणून घ्यावी अशी आहे. सिॲटल ज्या किंग काउंटीत येते तिला १८५२ साली हे नाव मिळाले ते विल्यम रूफस किंग या अलाबामातील गुलाममालक राजकारण्यावरून. १९८६ साली काउंटीच्या प्रतिनिधींनी ठरवले की यापुढे हे नाव मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सन्मानार्थ मानावे. राज्याच्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब व्हायला २००५ साल उजाडले, आणि २००७ साली बोधचिन्हातला मुकुट जाऊन त्या जागी हा चेहरा आला. नावातले एक अक्षरही बदलले नाही. बदलला तो त्याचा धनी. नामांतरासाठी सोळा वर्षे रस्त्यावर राहिलेल्या मराठवाड्यातील आईला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "यांना बी वेळ लागलाच की."

येथील बस थांब्यावर आली की पुढची बाजू हळूच खाली झुकवते, म्हणजे गुडघे दुखणाऱ्याला चढता यावे. चढणारा कोण, हे चालक विचारीत नाही. १९२९ साली चाळीसगावला एकही टांगेवाला बाबासाहेबांना नेण्यास तयार झाला नाही. अखेर वस्तीतल्या अननुभवी माणसाने टांगा हाकला आणि अपघातात त्यांचा पाय मोडला. आपल्या घरांत ही हकिकत मुलांना सांगितली जाते. सार्वजनिक वाहन हा शब्द आपण सहज उच्चारतो, पण त्यातला 'सार्वजनिक' किती उशिरा खरा झाला!

पायोनियर स्क्वेअर स्थानकापासून चढ चढून गेले की नगरभवन लागते. पर्यटकांच्या यादीत ते नसते. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी येथे नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी केली. असे करणारे हे अमेरिकेतील पहिले शहर, आणि ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. आम्ही गेलो तो शनिवार असल्याने दार बंद होते. बाहेर भिजत उभे राहिलो. कायद्याने मनातली जात जात नाही हे आम्हांला ठाऊक आहे. आडनावावर समाधान न झाल्याने गाव, आणि गावावरून गल्ली विचारणारे सहकारी आम्ही पाहिले आहेत. पण तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची, एवढा प्रश्न तरी या शहराने सोडवला. याच शहराने १८६५ साली मूळ रहिवाशांना गावात राहण्यास मनाई करणारा ठराव केला होता, आणि गावाला नाव मात्र त्यांच्याच प्रमुखाचे दिलेले होते, हेही येथेच आठवावे.

१९०७ पासून भरणारा पाइक प्लेस बाजार पाहावा, पण सकाळी लवकर. नंतर गर्दीत मासेही दिसत नाहीत. किनाऱ्यालगतचा जुना दुमजली उन्नत रस्ता २०१९ साली पाडल्यामुळे बाजारातून आता सरळ पाण्यापर्यंत चालत उतरता येते.

खरा आनंद बोटीचा. बेनब्रिज बेटावर जाणारी मोठी बोट पस्तीस मिनिटांत पोहोचते, पायी प्रवाशांचे तिकीट फक्त जाताना घेतले जाते. ऑर्काची दोन तासांची सवलत मात्र येथे चालत नाही. काचेआड बसून आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बाहेर शहर हळूहळू ढगात विरत गेले.

बेटावर बहुतेक लोक आइस्क्रीम खाऊन परततात. आपण खाडीला वळसा घालून ईगलडेलच्या जुन्या धक्क्यापर्यंत अवश्य जावे. ३० मार्च १९४२ रोजी येथून जपानी वंशाच्या २२७ बेटवासीयांना सैनिकांच्या पहाऱ्यात बोटीवर चढवून छावणीकडे नेण्यात आले. अनेक जण जन्माने अमेरिकन नागरिक होते. आज तेथे देवदाराची लांब भिंत आहे, बेटावरील २७६ जपानी रहिवाशांच्या नावांची. स्मारकाचे बोधवाक्य 'निदोतो नाई योनी', म्हणजे पुन्हा असे होऊ नये. तेथील एका स्थानिक वृत्तपत्राने त्या काळातही या हद्दपारीचा विरोध छापला होता.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. मुलगी एकेक नाव मोठ्याने वाचत पुढे सरकत होती, आणि आई तिच्या मागोमाग लाकडावरून बोट फिरवीत ते नाव पुन्हा उच्चारीत होती. दोघींनाही उच्चार नीट जमत नव्हते. परतीची बोट त्यामुळे चुकली. पुढचीची वाट पाहत आम्ही धक्क्यावर थांबलो.